रोबोचा तान्हा पोळा

"आई, त्याच्या तळपायावर काय छापलं होतं गं? आठवतं का काही?"

रात्रीचे साडेदहा. दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून मी नुकतीच आडवी झाले होते. पुण्याहून मुलाचा फोन. चाळिशीला टेकलेला, एका मुलीचा बाप असलेला, चांगल्या नोकरीतला इंजिनीअर मुलगा असा प्रश्न विचारतो तेव्हा आईने काय समजायचं? मला वाटलं, नातीच्या पायाला काही लागलं. "कोणाच्या तळपायावर रे?" मी घाबरून उठूनच बसले.

"अगं, आपल्या लाल ट्रकच्या. तू आत्याकडे देऊन टाकलास ना, तो."

मैत्रिणींनो, तो ट्रक देऊन टाकल्याला तेव्हा बावीस वर्षं होत आली होती. आणि "देऊन टाकलास" हे दोन शब्द त्याने अजिबात न रागावता उच्चारले होते. त्याचंच मला जास्त लागलं.

हा ट्रक म्हणजे साधा ट्रक नव्हे. रूप बदलणारा रोबो. समोरचा भाग खाली ओढला की पाय व्हायचे, बाजूचे दरवाजे वळवले की हात, आणि टपाखालून हळूच डोकं वर यायचं. १९९२ च्या दिवाळीच्या आधी जाऊबाईंच्या घरच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही नागपूरला गेलो होतो. सीताबर्डीवर एका खेळण्यांच्या दुकानात दुकानदाराने तो तीन-चार वेळा कडकड उलटासुलटा करून दाखवला आणि सात वर्षांचा माझा मुलगा तिथेच फतकल मारून बसला. माझ्या रोजच्या नेसायच्या साडीपेक्षा ते खेळणं महाग. हे म्हणाले, "राहू दे, तुझी एक साडी कमी घे." मी घेतली कमी. आता सांगायला हरकत नाही, तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं.

आम्ही तेव्हा चंद्रपूरला ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. यांची नोकरी औष्णिक वीज केंद्रात. कॉलनीतल्या पोरांनी दूरदर्शनवर 'ही-मॅन' पाहिलेला, पण हातात धरायला असं काही कोणाकडे नव्हतं. त्यामुळे लाल ट्रक आला आणि आमच्या ओसरीवर पोरांची रांग लागली. पुढे इरई धरणावर सहलीला गेलो असताना त्याची उजवी मूठ कुठेतरी पडली. अख्खी सहल आम्ही मूठ शोधण्यात घालवली. सापडली नाही. मग मुठीविना तो रोबो आणखी दहा वर्षं घरात राहिला. आधी खेळायला, नंतर अभ्यासाच्या टेबलावर, शेवटी माळ्यावरच्या खोक्यात.

२००३ मध्ये क्वार्टर सोडून आम्ही तुकूमला स्वतःच्या घरात आलो. घर बदलताना बाईच्या अंगात काय संचारतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हे द्या, ते विका, हे कशाला ठेवलं इतकी वर्षं! मुलगा तेव्हा नागपूरला हॉस्टेलवर. आरमोरीच्या नणंदबाई सामान हलवायला मदतीला आल्या होत्या, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा सोबत. तो त्या रोबोकडे असा बघत होता की मी खोक्यातून काढून त्याच्या हातातच दिला. मुलाला विचारायचं मनातही आलं नाही. अठरा वर्षांचा घोडा, त्याला काय करायचंय खेळणं!

दिवाळीत तो घरी आला, माळ्यावर चढला, खाली उतरला. "ट्रक?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. "तू काय आता लहान आहेस का?" हेही वर म्हटलं. तो काही बोलला नाही. चकल्या खाल्ल्या, मित्रांकडे गेला. विषय संपला असं मी समजले.

विषय संपला नव्हता, हे मला पुण्याला नातीच्या बाळंतपणाला गेल्यावर कळलं. दिवाणखान्यात काचेचं कपाट. आपण ज्यात चिनी मातीचे कप, दिवाळीला आलेली भेटवस्तू, एखादा ताजमहाल ठेवतो, तसलं. त्यात वरपासून खालपर्यंत रोबो. काही रोबोच्या रूपात उभे, काही मोटारी होऊन बसलेले, एक तर चक्क टेपरेकॉर्डर! सून म्हणाली, "आई, मी एक नियम केलाय. एक नवीन आला की एक जुना गेला पाहिजे. नाहीतर बाळाचे कपडे काय बाल्कनीत ठेवू?" ती वही ठेवते. कोणता कितीला आला, कोणता कितीला गेला. मला सून आवडते ती अशा गोष्टींसाठी.

बाळ रात्री जागवायचं. बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारता मारता मुलगा मला एकेका खेळण्याची गोष्ट सांगायचा. आधी मी त्याचं मन राखायला ऐकत होते. मग खरंच ऐकू लागले.

ही खेळणी मूळची जपानची. टाकारा नावाच्या कंपनीने १९८० मध्ये 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली आणि १९८३ मध्ये 'मायक्रो चेंज' नावाची. डायाक्लोनच्या मोटारींत बसायला बोटाच्या पेराएवढी माणसं मिळायची. कारण तिथे रोबो म्हणजे यंत्र, माणसाने चालवायचं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ही जपानी खेळणी एकत्र करून 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने आणली. मार्व्हल या चित्रकथांच्या कंपनीतले संपादक बॉब बुडियान्स्की यांनी त्यातल्या बहुतेकांची नावं आणि स्वभाव लिहून काढले. कोण शूर, कोण घाबरट, कोण चहाडखोर. म्हणजे रोबो जिवंत झाले. मग त्यांना चालवायला माणूस कशाला? बोटभर ड्रायव्हर काढून टाकले. "पण हे बघ," मुलाने एक छोटी मोटार उघडून दाखवली. आत बसायची जागा तशीच! माणूस नाही, पण त्याची सीट आहे. रात्री दोन वाजता त्या रिकाम्या सीटकडे मी बराच वेळ बघत राहिले, का ते सांगता येणार नाही.

त्यांच्या पुढाऱ्याचं नाव ऑप्टिमस प्राइम. लाल रंगाचा ट्रक. १९८६ च्या कार्टून सिनेमात कंपनीने त्याला मारून टाकला. कारण काय, तर जुनी खेळणी जाऊन नवीन खपावीत! थिएटरात पोरं ढसाढसा रडली. शेवटी पुढच्या वर्षी मालिकेत त्याला परत जिवंत करावं लागलं. आपल्याकडे सासू-सुनांच्या मालिकांत मेलेला नवरा परत येतो त्याला आपण हसतो, पण तिकडेही हेच!

आता मुलाचा खरा नाद कोणता, तर एकच खेळणं वेगवेगळ्या देशांत कसं निघालं ते शोधायचं. मला आधी कळेचना. एकच खेळणं दोनदा कशाला घ्यायचं? मग त्याने त्याच्या भाषेत समजावलं, मला ते माझ्या भाषेत कळलं. ते असं.

आपल्या आळीत उन्हाळ्यात एकच कुरडयांचा सोऱ्या घरोघर फिरतो की नाही? पितळी, जड. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. साचा एकच, पण कुरडया सारख्या होतात का? एकीच्या पांढऱ्याशुभ्र, एकीच्या पिवळट, एखादी हौशी बाई गुलाबी रंग घालते. तसंच हे. खेळण्याचा साचा म्हणजे पोलादाचा ठोकळा, बनवायला फार महाग. अमेरिकेत एक खेळणं जुनं झालं की तो साचा कंपनी दुसऱ्या देशात पाठवायची. तिथली कंपनी तिच्याकडे असेल ते प्लॅस्टिक, असेल तो रंग घालून खेळणं काढायची. ब्राझीलमध्ये एस्ट्रेला नावाच्या कंपनीने काढली, त्यांचे रंग वेगळे. इटलीत जिग नावाची कंपनी होती, ती तर जपानी खेळणी आपल्याच नावाने विकायची. जपानमध्ये तेव्हा ऑप्टिमस प्राइमचं नावच वेगळं होतं, तिथे तो 'कॉन्व्हॉय'. जणू माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं.

आणि भारतात? भारतात फनस्कूल. हे नाव तुमच्यापैकी अनेकींना मुलांच्या वाढदिवसांमुळे माहीत असेल. एमआरएफ ही टायरवाली कंपनी आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये ती काढली. आपल्या शेजारच्या गोव्यात तिचा कारखाना. त्या काळी परदेशातली खेळणी आपल्याकडे सहज आणताच येत नव्हती. रोजच्या वापराच्या वस्तूंच्या आयातीवर सरकारची बंधनं होती, ती शेवटची उठली २००१ च्या एप्रिलमध्ये. मग काय, आपल्याकडे खेळणं विकायचं तर इथेच बनवावं लागे. म्हणून गोव्यात जी. आय. जो नावाचे बोटभर शिपाई निघाले, तेही अमेरिकेतल्यापेक्षा वेगळ्याच रंगात. ट्रान्सफॉर्मर्सही फनस्कूलच्या खोक्यांतून आले. तेव्हा आपल्या पोरांनी ती मातीत लोळवली. आज अमेरिकेतले, युरोपातले संग्राहक तीच भारतीय खेळणी शोधत असतात, कारण ती फक्त इथेच मिळाली. इथे बहुतेक आयांनी ती भंगारात घातली. किंवा नणंदेच्या मुलाला दिली...

आता मुलाच्या त्या फोनचा अर्थ लागला ना? त्याला जाणून घ्यायचं होतं की आपला लाल ट्रक नक्की कोणाचा. खोकं तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच बंबात गेलं होतं. दुकानाचं नाव आठवत नव्हतं, बिल मिळालंच नव्हतं. अशा खेळण्यांच्या अंगावर कंपनीचं नाव आणि साल बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. तळपायावर, पाठीवर नाहीतर चाकांच्या मध्ये. तिथे हॅस्ब्रो-टाकाराची नावं असली तर तो खरा. नसली तर नक्कल. त्या काळी नकला काय कमी होत्या? "आणि खरा निघाला तर?" मी विचारलं. "तर बघू," तो म्हणाला. "मला फक्त माहिती पाहिजे गं."

मला काही फक्त माहिती नको होती. मला तो ट्रक परत आणून त्याच्या हातात द्यायचा होता.

इथे थोडं थांबून एक घरगुती गोष्ट सांगते, कारण तुमच्या माळ्यावरही काहीतरी असेलच. मी जुनी खेळणी खोक्यात ठेवताना कपड्यांत ठेवतो तशा डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. तसं कधी करू नका. काही प्लॅस्टिक त्या गोळ्यांच्या वाफेने मऊ पडतं, चिकट होतं. माझ्या मुलाची एक छोटी जीप अशीच वाया गेली. मऊ रबरी बाहुली आणि कडक प्लॅस्टिकचं खेळणंही एकमेकांना चिकटून ठेवू नये. रबरातलं तेल सुटतं आणि दुसऱ्याला खातं. सेल काढून ठेवावेत, हे तर आपल्याला घड्याळावरूनही कळतं. पांढरं प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं, आणि सोनेरी चमकीचं जे प्लॅस्टिक असतं ना, ते तर काही वर्षांनी आपोआप बिस्किटासारखं फुटतं, कितीही जपा. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि खेळणी पत्र्याखालच्या माळ्यावर. मग काय उरणार! सुती फडक्यात गुंडाळून, खालच्या कपाटात, अंधारात. बस, एवढंच.

तर नणंदबाईंना मी फोन केला. "ताई, तो लाल रोबो आहे का हो अजून?" त्या हसायलाच लागल्या. "आहे ना वहिनी! तान्ह्या पोळ्याला या, मंग दिसंल तुम्हाला."

तान्हा पोळा आपल्या विदर्भाबाहेरच्या बायकांना समजावून सांगावा लागतो. मोठा पोळा श्रावण अमावास्येचा, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी लेकरांचा. लाकडी नंदीबैल, खाली चाकं, गळ्यात दोरी. लेकरं नटूनथटून ते ओढत तोरणाखाली आणतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा मागतात. कोणी पैसे देतं, कोणी खाऊ. नागपूरला ही चाल दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगतात. मला या बैलांचं एक आवडतं. ते कधी जुने होत नाहीत. आजोबांचा बैल नातू ओढतो. दरवर्षी पोळ्याच्या आधी त्याला नवा रंग, शिंगांना बेगड, नवी झूल. चाक मोडलं तर सुताराकडे. एकदा मी हे मुलाला कौतुकाने सांगितलं, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, आमच्यात रंग दिला की किंमत गेली!" त्यांच्यात म्हणे खोकं न उघडलेलं असेल तर सगळ्यात भारी. खेळणं घ्यायचं आणि उघडायचंच नाही! मी म्हटलं, माझ्या लग्नातल्या पैठणीचं मी तसंच केलं, आणि आता ती घडीवर विरली.

गेल्या तान्ह्या पोळ्याला सकाळच्या एसटीने निघाले. मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल आणि गडचिरोली. सावलीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धानाची बांधी, पाण्याने चकाकणारी. १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत गडचिरोलीला "तालुका" म्हणायच्या. गडचिरोलीहून दुसरी गाडी, आणि आरमोरीला पोचायला दुपार झाली.

ताईंच्या अंगणात पाऊल ठेवलं आणि मी बघतच राहिले.

सागवानाची हातभर पाटी. तिला चार लाकडी चाकं. पाटीवर माझ्या मुलाचा लाल रोबो उभा! अंगावर हिरव्या खणाची झूल, गळ्यात घुंगराची माळ, कमरेला दोरी. आणि डोक्यावर पुठ्ठ्याची, सोनेरी बेगड लावलेली दोन शिंगं. भाच्याचा पाच वर्षांचा मुलगा त्याला फडक्याने पुसत होता.

भाचा आता तीस वर्षांचा. गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. त्याने सांगितलं, "मामी, तुम्ही देला त्याच साली आमच्या नंदीचं पाय मोडलं. मी रडून राहिलो होतो. मंग सुतारबाबानं यालेच पाटीवर ठोकून देलं. म्हणे, घे, हा तुहा बैल." तेव्हापासून दर तान्ह्या पोळ्याला रोबो निघतो. पहिल्या वर्षी पंचांमध्ये वाद झाला होता म्हणे, हा बैल धरायचा की नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, शिंगं लावा मग धरू. तेव्हापासून शिंगं.

मी वाकून पाहिलं. उजव्या हाताला मूठ होती. लाकडाची. सागवानाची, चार बोटं नीट कोरलेली, तेलाने काळपट झालेली. आपल्या या भागातलं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी गेलं, तेव्हा बल्लारपुरात केवढी मिरवणूक निघाली होती! आणि त्याच जंगलातल्या लाकडाचा एक कपचा या मुठीत. इरई धरणावर आम्ही जी शोधत फिरलो, ती जागा एका सुतारबाबांनी भरून टाकली होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता. ते आता नाहीत.

"तळपायावर काय लिहिलंय रे?" मी शेवटी विचारलंच. कशासाठी आले तेही सांगितलं, लपवलं नाही. भाचा म्हणाला, "दोन स्क्रूच हायेत. काढू का जी आताच? घेऊन जा ना, दादाचाच हाय तो." बोलता बोलता तो पेचकस आणायला आतही गेला. लेकराने फडकं खाली ठेवलं. रडला नाही, बोलला नाही. फक्त दोरी मनगटाला एक वेढा जास्त गुंडाळली.

बावीस वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माळ्यावरून उतरलेला माझा मुलगा असाच गप्प होता.

"आधी पोळा होऊन जाऊ दे," मी म्हटलं.

पाच वाजता तोरणाखाली पन्नासेक बैल जमले असतील. मोठाले, खेळण्यातले, एक तर छोट्या ट्रॅक्टरवर चढवलेला. आणि त्यांच्यात हा शिंगं लावलेला रोबो. त्याला कोणी हसत नव्हतं, सगळ्यांच्या ओळखीचा तो. बक्षीस काही मिळालं नाही. मग घरोघर बोजारा. मीही पन्नासची नोट दिली, तर ताई म्हणाल्या, "वहिनी, एवढे नका देऊ, बाकीची पोरं मागं लागतील."

रात्री जेवणं झाल्यावर लेकरू झोपलं. भाच्याने पाटी उलटी करून स्क्रू काढले. मी चष्मा लावला. मोबाइलच्या उजेडात आम्ही दोघांनी तळपाय पाहिले. गुळगुळीत. पाटीवर सपाट बसावा म्हणून सुतारबाबांनी दोन्ही तळपाय कानशीने घासून टाकले होते. एक रेघही उरली नव्हती. पाठीवर बघितलं. तिथे काही अक्षरांसारखं होतं, पण त्यावर ताईंनी दरवर्षी दिलेल्या ऑइलपेंटचे थर. चाकांच्या मध्ये तर झिजून झिजून पांढरं पडलेलं.

खरा की नक्कल, गोव्याचा की तैवानचा, काही कळायचा मार्गच नव्हता.

मुलाला व्हिडिओ कॉल लावला. मी एकेक बाजू दाखवत गेले. तो बराच वेळ नुसता बघत होता. रंगाचे थर बघून ओरडेल असं मला वाटलं होतं. शेवटी मीच म्हटलं, "तेव्हा तुला विचारायला हवं होतं रे मी."

"हो. हवं होतं," तो म्हणाला.

मग थोडं थांबून, "आई, ती मूठ जवळ धर. अजून जवळ. कोणी केली ही?"

भाच्याने सुतारबाबांचं सांगितलं. दोघा भावांचं मग बराच वेळ चाललं. मी ताईंबरोबर भांडी आवरायला गेले. परत आले तर भाचा शिवणाच्या टेपने रोबोची उंची मोजत होता आणि पलीकडून मुलगा लिहून घेत होता. तो ज्या रजिस्टरमध्ये जपान, ब्राझील, इटली असं लिहितो, त्यात त्याने नवीन ओळ घातली होती. कंपनी : माहीत नाही. देश : आरमोरी. साल : २००३. रंग : लाल, आत्याने दिलेला. उजवी मूठ : सागवान.

"शिंगंही लिही," भाचा म्हणाला.

"आणू का मग सोबत?" मी विचारलं.

"नको गं. त्याला काचेच्या कपाटात कुठे उभा करू, पाटीसकट? तुझी सून मला त्याच्यासाठी काय काय विकायला लावेल!" मग भाच्याला म्हणाला, "पुढच्या वर्षी मुलीला घेऊन येतो पोळ्याला. तिला ओढू देशील ना?"

फोन ठेवला. पाटीवर रोबो परत उभा केला. एका स्क्रूची आटी गेली होती, पिळला तरी नुसताच फिरत होता. भाच्याने चुलीजवळून आगपेटी आणली, एक काडी मोडून भोकात कोंबली आणि स्क्रू पुन्हा घट्ट पिळला.